काकांवर प्रीती वाटत नाही, मग मी शिष्य कसला?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, हे तर दर चौथ्या घरातलं आहे. दुसऱ्यांदा वाचताना त्यातली एक ओळ खटकली. तिच्याकडे शेवटी येते, कारण ती आधी काढली तर तुम्ही रागावाल आणि पुढचं वाचणार नाही.

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हे भाऊ ३१ वर्षांचे, नाशिकच्या अंबडला कारखान्यात नोकरी, घरी आई. शहरात आजोबांनी बांधलेलं दुमजली घर आहे. आजोबा गेले, मग आजी गेल्या, चार वर्षांपूर्वी वडील गेले. वडिलांच्या माघारी काकांनी 'तुमचं इथं काही नाही' म्हणून सांगून टाकलं. वरच्या मजल्याचं भाडं काकाच घेतात. दोन वर्षांपासून वाटपाचा दावा चालू आहे. काका भाऊंच्याच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पुढच्या बाकावर बसतात आणि प्रार्थना सगळ्यांत मोठ्या आवाजात करतात. आता काकूंच्या किडन्या निकामी झाल्या आहेत, आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. चुलतभाऊ परदेशात, काकांना गाडी चालवता येत नाही. काकूंचा फोन आला, 'शनिवारचं तेवढं नेशील का रे?' पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, 'क्षमा करा, दावा मागे घ्या, प्रीती सर्व काही सहन करते.' भाऊंचं म्हणणं असं, की मला काकांबद्दल प्रीती वाटतच नाही, पुढच्या बाकाकडे बघितलं तरी डोकं तापतं. मग माझं ख्रिस्ताचं शिष्यत्व खोटं आहे का? दावा मागे घेऊ का? तोवर प्रभूभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घेऊ की नको?

मी पाळक नाही. ३४ वर्षं नर्स होते, त्यातली शेवटची १२ वॉर्ड सिस्टर म्हणून. निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून मंडळीत दृढीकरणाचा वर्ग घेते, आणि बुधवारचा शास्त्राभ्यास. घराघरांतल्या भांडणांत मधे बसायची वेळ बऱ्याचदा आली, त्यातली काही मिटली, काही माझ्यामुळे जास्त बिघडली. त्या अनुभवाची जेवढी किंमत असेल तेवढीच या उत्तराला द्या.

आधी एक गोष्ट विचारून घेते, कारण ती तुमच्या पत्रात नाही. काकांनी कधी तुमच्यावर किंवा आईवर हात उचलला आहे का? दारू आहे का? आई अजून त्यांना घाबरते का? यांपैकी एकाचंही उत्तर 'हो' असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवा. आईला त्यांच्यापासून लांब ठेवा, आणि काकूंची सोय मंडळीतल्या दुसऱ्या कुणाकडून तरी करवून घ्या. उत्तर 'नाही' आहे असं धरून मी पुढे लिहिते.

तुम्ही एकच प्रश्न विचारलाय असं तुम्हाला वाटतंय, पण त्यात चार धागे गुंतलेत. काकांबद्दल मनात काय वाटतं, हा एक. त्यांना माफ करायचं का, हा दुसरा. त्यांच्याशी पुन्हा येणं-जाणं ठेवायचं का, हा तिसरा. आणि घरातला वाटा सोडायचा का, हा चौथा. पाळकसाहेबांनी चारही धाग्यांची एक मोळी बांधून तुमच्या डोक्यावर ठेवली. त्यांचा हेतू वाईट नसणार, रविवारी दारात हात मिळवता मिळवता विचारलेल्या प्रश्नाला असंच उत्तर मिळतं. पण मोळी जड आहे, आणि ती तशी बांधायचं कारण नाही.

वाटण्यापासून सुरुवात करू.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वॉर्डात एक पेशंट होता. साखर वाढून पायाला जखम झालेली, चांगली बोटभर खोल. पहिल्याच दिवशी तो माझ्यासमोर वॉर्डबॉयला म्हणाला, 'किरिस्तावाच्या बाईला सांग, मला हात लावू नको.' दुसरं कुणी नव्हतंच, त्यामुळे हात मलाच लावावा लागला. ११ दिवस मी त्याचं ड्रेसिंग केलं. त्या माणसाबद्दल मला काडीचंही प्रेम नव्हतं. घरी जाऊन आईला त्याच्या नकला करून दाखवायचे. ड्रेसिंग मात्र चोख केलं, सलाईनने धुणं, मेलेली कातडी काढणं, गॉज नीट बसवणं, पट्टी फार आवळली नाही ना ते बोट घालून बघणं. नवव्या दिवशी मी ट्रॉली घेऊन गेले तेव्हा तो चहा बशीत ओतून फुंकर मारून पीत होता, अगदी माझ्या वडिलांसारखा. त्या दिवशी राग थोडा उतरला. एवढंच झालं. घरी जाताना तो माझ्याशी बोलला नाही, मीही 'पुन्हा या' म्हटलं नाही, दवाखान्यात तसं म्हणतही नाहीत.

त्या ११ दिवसांत मी त्याच्यावर प्रीती केली की नाही? वर्गातली मुलं म्हणतात, 'नाही बाई, तुम्ही ड्यूटी केली.' मग मी त्यांना बायबलात लूक ६ उघडायला लावते. वैऱ्यांबद्दल प्रभू बोलतो तिथे लागोपाठ चार क्रियापदं आहेत. प्रीती करा, बरे करा, आशीर्वाद द्या, प्रार्थना करा. चारही हुकूम आहेत, आणि चारही हातापायांनी किंवा तोंडाने करायची कामं आहेत. 'तुम्हाला बरं वाटू द्या' असा हुकूम कुणी कुणाला देऊ शकत नाही. डॉक्टरही तापाला 'उतर' म्हणत नाहीत, गोळी लिहून देतात. आपल्या मराठी शास्त्रातही 'प्रीती करा' असं आहे, आणि मला ते फार बरं वाटतं. करायची म्हटल्यावर तिला वेळ लागतो, पेट्रोल लागतं, कधी रजा टाकावी लागते.

म्हणून काकांकडे बघून डोकं तापतं यावरून तुमचं शिष्यत्व खोटं ठरत नाही. शिष्य म्हणजे शिकणारा. शिकणाऱ्याला येत नसतं, म्हणून तर तो शिकत असतो. लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरचं आहे. १८९५ मध्ये त्यांच्या पतीने, नारायणरावांनी, बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या कोलमडल्या होत्या. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. मधली पाच वर्षं त्या सोवळंओवळं, राग, संशय, सगळ्यातून एकेक पायरी स्वतःच्या पायांनी उतरल्या. आज त्यांना कुणी म्हणत नाही की पाच वर्षं फार झाली. तुम्हाला दोनच झालीत.

आता दावा. इथे मी पाळकसाहेबांशी उघडपणे असहमत आहे.

निर्गम २३ वाचा. सुरुवातीच्या तीन वचनांत कोर्टाची भाषा आहे: खोटी साक्ष देऊ नको, चार लोक वाकडे गेले म्हणून तूही जाऊ नको, वादात पक्षपात करू नको. सहाव्या वचनात पुन्हा कोर्टच आहे, गरिबाच्या वादात न्याय फिरवू नको. आणि या दोहोंच्या मधोमध, चौथ्या-पाचव्या वचनात काय आहे? तुझ्या शत्रूचा बैल किंवा गाढव भरकटलेलं दिसलं तर त्याच्याकडे परत नेऊन दे. तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर त्याला हात लाव आणि सोडव. मी कितीतरी वर्षं ही दोन वचनं इथे चुकून आली असं समजत होते, कोर्टाच्या मधे गाढव कशाला? मग एका भावाभावांच्या भांडणात बसले असताना लख्ख कळलं. शत्रू कोण असतो? बहुतेक वेळा तोच, ज्याच्याशी वेशीत, म्हणजे त्या काळच्या कोर्टात, वाद चालू आहे. वाद चालू असतानाच त्याचं गाढव रस्त्यात बसणार आहे. तेव्हा वाद सोडून दे असं मोशे म्हणत नाही, आणि वाद आहे म्हणून गाढव राहू दे असंही म्हणत नाही. न्याय सरळ चालू दे आणि ओझं उचल.

तुमच्या बाबतीत दावा कोर्टात आहे आणि काकू शनिवारी सकाळी डायलिसिसला जायच्या आहेत. या दोन वेगळ्या फायली आहेत. एकीतला कागद दुसरीत लावू नका.

प्रेषित पौल १ करिंथ ६ मध्ये भावाभावाने कोर्टात जाण्यावर रागावला आहे, हे मला माहीत आहे, आणि तुम्हाला कुणीतरी ते ऐकवलंच असेल. पण तो रागावतो तेव्हा पहिला सवाल मंडळीला करतो: तुमच्यात निवाडा करू शकेल असा एकही शहाणा नाही का? म्हणजे मंडळीने आधी शहाणं माणूस पुढे करायचं, मग अन्याय सोसणाऱ्याला 'सोस' म्हणायचं. मंडळीच्या पंचांनी दोन वर्षांत काकांना एकदा तरी बोलावून भाड्याचा हिशेब मागितला का? मागितला नसेल तर 'दावा मागे घ्या' हे सांगणं फक्त तुमच्याच बाजूला जड पडतं. लेवीय १९ मध्ये 'आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे १८वं वचन आहे, आणि त्याच्या लगेच आधीचं १७वं सांगतं की मनात द्वेष धरू नको, शेजाऱ्याला त्याची चूक तोंडावर सांग. प्रीतीचा अध्याय म्हणून आपण लग्नात वाचतो त्या १ करिंथ १३ मध्येही 'सर्व काही सहन करते' याच्या आधीची ओळ अशी आहे की ती अनीतीत आनंद मानत नाही, सत्यात मानते. पाळकसाहेबांना एवढं नम्रपणे विचारायला हरकत नाही.

पण भाऊ, एक ठपका तुमच्यावरही आहे. मत्तय १८ मध्ये क्रम दिलेला आहे. आधी एकट्याने जाऊन सांग, ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर थेट वकिलाची नोटीस गेली. (आपल्यात 'वर्षश्राद्ध' हा शब्द अजून चालतो याची मला मौज वाटते, म्हणायचंय स्मरणोपासना.) पहिली पायरी राहिलीच. आता दोन वर्षांनी तीही घेता येते. दावा चालू असताना बोलणी करायला कायद्याची आडकाठी नसते, फक्त कागदावर सही करण्याआधी वकिलांना दाखवा. पुढच्या तारखेला दोन्ही वकिलांना मध्यस्थीबद्दल विचारा. लोकअदालतीतही प्रकरण ठेवता येतं. तिथे तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं वजन असतं, तिच्यावर अपील नसतं, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. अपील नसतं म्हणूनच घाईने सही करू नका. 'काकांनी डोळ्यांत पाणी आणलं' या कारणासाठी तर मुळीच नको.

क्षमा आणि समेट यांची गल्लत मी स्वतः केली आहे, म्हणून तेवढं सांगते. आईच्या पाटल्यांवरून माझं आणि धाकट्या भावाचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. रोज रात्री मी त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायचे आणि स्वतःला फार क्षमाशील समजायचे. एकदा धीर करून गेले. जाताना मनात यादी होती, तो काय काय म्हणाला होता आणि त्याने कशाकशाची माफी मागायला हवी. वहिनीने पोहे ठेवले, ते तसेच राहिले आणि मी भांडून परत आले. पुढे दीड वर्षाने माझ्या मावशीच्या मातीला दोघं शेजारी उभे राहिलो, तेव्हा त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली. पाटल्यांचा विषय आजतागायत निघालेला नाही. बोलतो, जातो-येतो, पण पैशाचा व्यवहार मी त्याच्याशी ठेवत नाही. क्षमा मी एकटीने केली, समेटाला मात्र टाळी लागते आणि एका हाताने ती वाजत नाही. त्यातही पहिल्यासारखा विश्वास बसेलच असं नाही. रोम १२:१८ मध्ये पौल 'शक्य असेल तर' आणि 'तुमच्याकडून होईल तितके' अशा दोन अटी घालतो, त्या उगाच नाहीत.

तेव्हा काकांना माफ करणं म्हणजे तूर्त एवढंच धरा, की त्यांचं वाईट व्हावं ही इच्छा देवाच्या हवाली करायची. रोज नाव घेऊन एका ओळीची प्रार्थना. 'प्रभू, यांना सुबुद्धी दे' ही नको, त्यात आपलंच शहाणपण असतं. 'प्रभू, यांना आज झोप लागू दे' एवढी पुरे, काकूंच्या आजारपणात ती त्यांना लागत नसणार. दुसरं, घराची हकिगत दर नव्या माणसाला सांगणं बंद करा. कारखान्यात, मंडळीत, नातेवाइकांत किती जणांना सांगितलीत ते एकदा मोजा. दर वेळी सांगताना जखमेवरची खपली आपणच काढत असतो. वकील, आई आणि एक मित्र, एवढ्यांपुरती ठेवा.

शनिवारचं काय, ते सांगताना मला चांगल्या शोमरोन्याचा दाखला घ्यावा लागतो. तो सगळ्यांना पाठ आहे, पण त्याचा शेवट कुणी नीट वाचत नाही. त्या माणसाने तेल आणि द्राक्षारस ओतून, वाटेत लुटारूंनी टाकलेल्या परक्याच्या जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन दीनार दिले आणि आपल्या वाटेने निघून गेला. एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, हे मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात आहे. (दिंडोरी-निफाडकडच्या मंडळींना तो दाखला समजावून सांगावा लागत नाही, मजुरीवरची कुरकुर त्यांनी दर हंगामात ऐकलेली असते.) म्हणजे दोन दिवसांची मजुरी, पुढचं काम उतारशाळेवाल्याकडे, आणि 'जास्त लागलं तर परत येईन तेव्हा देईन' हा शब्द. त्याने प्रवास रद्द केला नाही, जखमी माणसाला दत्तक घेतलं नाही. आणि तो शब्द देऊन गेला, म्हणजे विसरलाही नाही. आम्ही नर्सेस याला हॅन्डओव्हर म्हणतो. ड्यूटी संपताना पुढचीला सगळं सांगून जायचं. जी हॅन्डओव्हर न देता सोळा-सोळा तास थांबते ती तिसऱ्या आठवड्यात चुकीचं इंजेक्शन देते, हे मी पाहिलंय.

म्हणून तुम्ही शनिवार घ्या. फक्त शनिवार. बाकीच्या दोन दिवसांसाठी महिलामंडळाला किंवा तरुण संघाला सांगा, दोन नावं मिळतीलच. काकांना स्पष्ट कळवा, शक्यतो आईसमोर: 'काकूंना शनिवारी मी नेणार. दाव्याशी याचा संबंध नाही. दावा चालूच आहे.' गाडीत घराचा विषय निघाला तर 'ते वकिलांकडे' म्हणायचं आणि रेडिओ लावायचा. काकू रडल्या तर रडू द्या. त्या घराच्या मालकही नाहीत आणि तुमच्या विरोधकही नाहीत, किडनीच्या पेशंट आहेत.

आणि नुसती भावना घेऊन जाऊ नका, माहिती घेऊन जा. डायलिसिस सुमारे चार तास चालतं. हाताला फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला जोडून घेतलेली रक्तवाहिनी) केला असेल तर त्या हातात पिशवी देऊ नका, त्या हाताला धरून गाडीतून उतरवू नका, त्या हाताचं ब्लड प्रेशर कुणाला घेऊ देऊ नका, डायलिसिसखेरीज दुसरी सुईही टोचू देऊ नका. संपल्यावर प्रेशर उतरतं आणि चक्कर येते, म्हणून उठल्याबरोबर चालवत आणू नका. थोडा वेळ बसू द्या, गाडी दाराशी आणा. येताना रस्त्यात गाडी थांबवून मायेने नारळपाणी पाजू नका. आपल्याकडे पेशंट म्हटला की नारळपाणी, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, ते वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. केळं आणि संत्र्याचा रस यांचंही तेच. पाणी, चहासुद्धा मोजून असतो. किती चालेल ते तिथल्या सिस्टरला विचारा. मी प्रेमापोटी पाजलेल्या नारळपाण्याने आयसीयूत परत आलेला पेशंट पाहिलाय. पाजणारी त्याची सख्खी बहीण होती.

वर्गातली मुलं कधीकधी विचारतात, 'बाई, शिष्य म्हणजे बारा जणच ना?' तेव्हा मी त्यांना शरणपूर रोडची गोष्ट सांगते. तुम्हीही त्या रस्त्याने जात असाल. शरणपूर ही वस्ती १८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने वसवली, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे आणून ठेवली जायची. ती इथे लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मदतीला गेलेल्या तुकडीत होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याच्या माणसांनी हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं. अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली आणि झाडावर नाव-तारीखही त्यानेच कोरली. मग शरीर वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळून सगळ्यांनी सुमारे हजार मैल समुद्रापर्यंत वाहून नेलं. किनाऱ्याला पोहोचायला पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडला. एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा त्या वाहणाऱ्यांपैकी एकटा जेकब हजर होता. सुसी आणि चुमा हे तर त्या वाहणाऱ्यांचे म्होरके, त्यांना लंडनला नंतर नेलं. म्हणजे ओझं वाहिलं एकांनी आणि मान दुसऱ्यांना, हे तेव्हाही होतंच. मुलांना मी एवढंच विचारते, की वाटेत पाचशेव्या मैलावर त्यांना काय वाटत असेल? एक मुलगा एकदा म्हणाला, 'बाई, खांदा दुखत असेल.' मला त्याचं उत्तर आवडलं. शनिवारी पहाटे साडेपाचचा गजर वाजेल तेव्हा तुम्हालाही काकांबद्दल काही उदात्त वाटणार नाही, झोप येत असेल.

प्रभूभोजनाचं उत्तर तुम्ही कोणत्या मंडळीचे यावर थोडं अवलंबून आहे. कॅथलिक असतात तर मी पापनिवेदनाला जा म्हटलं असतं. आमच्याकडे तसा वेगळा विधी नाही, म्हणून माझं मत देते. मत्तय ५:२३ मध्ये वेदीजवळ आठवायचं ते 'माझ्या मनात कुणाविरुद्ध काय आहे' हे नसून 'माझ्या भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काय आहे' हे आहे. १ करिंथ ११ मध्ये परीक्षाही स्वतःची करायची आहे, पुढच्या बाकाची नाही. ती करा आणि घ्या. काका घेतात म्हणून मी घेत नाही, असा निषेध त्या मेजावर नोंदवू नका. आजारी माणसाने औषध घेऊ नये असं मी कधी ऐकलेलं नाही.

आता ती खटकलेली ओळ. तुम्ही लिहिलंय: 'घराचे सरळ दोन वाटे होतात, एक काकांचा, एक आमचा. (एक आत्या आहे, तिचं लग्न झालंय, ती देवळालीला असते.)'

आत्या कंसात का?

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. आजोबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर एक तृतीयांश हिस्सा आजींचा, आणि उरलेला मुलांमुलींना सारखा, लग्न झालं असो वा नसो. आजींचा हिस्साही त्यांच्यामागे मुलांमुलींच्या तिन्ही शाखांत सारखाच जातो. म्हणजे घराचे वाटे तीन आहेत. तुमच्या बाजूला येतो तो वडिलांचा एक, त्यातही आईचा वेगळा हिस्सा आहे. बारीकसारीक हिशेब वकील सांगतील. वाटपाच्या दाव्यात सगळ्या हिस्सेदारांना पक्षकार करावंच लागतं, त्यामुळे कागदावर आत्यांचं नाव असणारच. तुमच्या मनात तेवढं नाही. बहुधा काका आणि तुम्ही, दोघांनीही गृहीत धरलंय की आत्या वेळेवर हक्कसोड पत्रावर सही करेल. दोन वर्षांत तिला कुणी विचारलं का, घराचं तुला काय वाटतं म्हणून? भाड्यातला तिचा भाग काकांनी दिला नाही, आणि तुम्ही मागताना तिचाही मागितला नाहीत.

हे मी तुम्हाला खजील करायला लिहीत नाही. अन्याय झालेल्या माणसाला आपल्यावर झालेला अन्याय इतका जवळून दिसतो, की शेजारचा दिसत नाही. माझ्या पाटल्यांच्या भांडणात मोठी बहीण होती, तिला पाटली मिळालीच नव्हती. तिचं नाव मी सहा वर्षांत एकदाही घेतलं नाही.

काकांवर प्रीती कशी करायची हे तुम्हाला अवघड जातंय, ते जाऊ द्या, ते सावकाश होईल किंवा अर्धवट होईल. आत्यांवर करायला तुमच्या मनात काहीच आडवं येत नाही. या रविवारी उपासना झाल्यावर आईला घेऊन देवळालीला जा. वकिलांचा कागद नेऊ नका. आत्यांना विचारा आणि त्या बोलत असताना मधे बोलू नका. त्या हिस्सा मागतील, सोडतील किंवा 'विचार करून सांगते' म्हणतील. मागितला तर तुमचा वाटा तुम्ही धरला होतात त्याहून कमी भरेल. त्याची तयारी ठेवून जा.

आणि त्याआधी शनिवार येतोय. फिस्टुला डाव्या हाताला आहे की उजव्या, ते काकूंना आजच फोन करून विचारून घ्या.